न्यायमूर्ती सुजाता मनोहर



'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,' असे आपल्याकडे म्हणतात. वडगावच्या कोर्टात ज्यांचे हेलपाटे झाले, ते या म्हणीला मान डोलावतील. पण आज आम्ही तुम्हांला अशा एका बाईंची हकिगत सांगणार आहोत, की ज्या कोर्टाची पायरी चढल्या आणि थेट दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होऊन बसल्या. त्यांचे नाव सुजाता मनोहर.

बाईमाणसाने मोठा कारभार करणे आपल्या तळेगावाला नवे नाही. उमाबाई दाभाड्यांनी अठराव्या शतकात सेनापतिपदाचा कारभार पाहिला. पण कोर्टाचे दार बायकांना फार उशिरा उघडले. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. १८९२ साली विलायतेत कायद्याची परीक्षा उतरल्या. तरी बाई म्हणून त्यांना वकिली करता येईना. १९२३ साली कायदा झाला, तेव्हा कुठे देशभर बायकांना ही वाट मोकळी झाली.

सुजाताबाईंचा जन्म १९३४ सालचा. वडील कायदेपंडित, पुढे ते गुजरात उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. बाई मुंबईत शिकल्या, विलायतेत शिकल्या आणि १९५८ पासून मुंबईत वकिली करू लागल्या. १९७८ साली त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या. हे कोर्ट १८६२ सालचे. म्हणजे ११६ वर्षे तेथे एकही बाई न्यायाधीश नव्हती! १९९४ साली त्या तेथे मुख्य न्यायाधीश झाल्या. तो मान मिळवणाऱ्याही पहिल्या बाई त्याच. त्याच वर्षी त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९९ साली निवृत्त झाल्या.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, बाई मोठ्या झाल्या, पण आम्हांला त्याचे काय?" ऐका तर.

राजस्थानात एक खेड्यातली बाई सरकारी योजनेत काम करीत होती. १९९२ साली तिने एका तान्ह्या मुलीचे लग्न थांबवू पाहिले. त्याचा राग धरून तिच्यावर अत्याचार झाला. कामावर असलेल्या बाईचे रक्षण कोणी करायचे, हा प्रश्न घेऊन काही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तीन न्यायाधीशांपुढे सुनावणी झाली. त्यांतल्या एक सुजाताबाई. १३ ऑगस्ट १९९७ रोजी निकाल लागला. त्याला 'विशाखा' निकाल म्हणतात. बाईला अब्रूने काम करता आले पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे, असे कोर्टाने बजावले. त्यासाठी नियमही घालून दिले. पुढे २०१३ साली संसदेने तसा कायदाच केला.

आता आपल्या मावळातल्या कितीतरी लेकीसुना एमआयडीसीच्या कारखान्यांत जातात, फुलांच्या पॉलिहाउसमध्ये राबतात, दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करतात. हा कायदा त्या सगळ्यांसाठी आहे. दहा किंवा जास्त माणसे कामाला असतील, तेथे मालकाने तक्रार समिती नेमलीच पाहिजे. जेथे अशी समिती नाही, त्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत करावी. तशीच अडचण असली, तर समिती मुदत वाढवू शकते.

तक्रार लेखी हवी. जिला लिहिता येत नाही, तिला समितीने मदत करावी, असे कायदाच सांगतो. पण आपले दुःख आपल्या हाताने लिहिण्यात वेगळेच बळ असते. काय घडले, कोणत्या दिवशी, कोठे, कोणी पाहिले, एवढे चार ओळींत लिहा. वाचून पाहा. मग सही करा. आणि बाप्यांनो, घरची बाई असे काही सांगू लागली, तर "गप बस, चारचौघांत शोभा होईल," असे म्हणू नका. तिच्याबरोबर जा.

विनाकारण भांडण उकरून काढायला शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे खरेच. पण अन्याय मुकाट्याने सोसणे, हेही शहाणपण नव्हे.