उन्हातली बैठक

आम्ही चिखल्याच्या, डहाणूच्या समुद्रकाठच्या बायका. आमच्या बचत गटाची बैठक सकाळी अंगणात भरते. पौषात म्हाताऱ्या बायका थंडीमुळे येत नाहीत, आणि कर्जाचे निर्णय त्यांच्याविना होतात.

रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर गार होते. म्हणून पहाटे वारा पूर्वेकडून, जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. तोच अंगाला झोंबतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. म्हणून बैठक घराच्या दक्षिण बाजूला घ्या. पूर्वेला कमरेएवढा कुडाचा आडोसा उभारा. वारा अडेल, ऊन वरून येईल. गार ओट्यावर गोणपाट अंथरा. थंड देशांतल्या शहरांतही घराबाहेरची बसायची जागा ऊन-वारा पाहूनच ठरवतात.

मग शेजारच्या आजीला हाक मारा, ‘आजी, या, उन्हात बसू. तुमचंही मत हवं.’