भामट्याची नजर

गोड बोलून फसवणाऱ्या भामट्याला इंग्रजीत ‘कॉनमन’ म्हणतात. यातला ‘कॉन’ म्हणजे कॉन्फिडन्स, विश्वास. १८४९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्प्सन पकडला गेला. कपडे झकपक. रस्त्यात अनोळखी माणसाशी ओळख काढायचा आणि विचारायचा, उद्यापर्यंत घड्याळ देण्याइतका माझ्यावर विश्वास आहे का? लोक देतही! वर्तमानपत्रांनी त्याला ‘कॉन्फिडन्स मॅन’ म्हटलं, त्याचंच पुढे कॉनमन झालं.

आपण मात्र खोटेपणा डोळ्यांत शोधतो. ‘बॉडी लँग्वेज’ हा शब्द आता आपल्याही तोंडी बसलाय. नजर चुकवली की खोटं! पण मोठ्यांसमोर नजर खाली ठेवायला आपल्यालाच लहानपणापासून शिकवलेलं असतं. मग चौकशीत मान खाली घालून खरं सांगणाऱ्या बाईवर संशय, आणि डोळ्यांत डोळे घालून बचत गटाचे पैसे मागणारा गोडबोल्या भला माणूस.

बाँड आणि डीपॉलो या अभ्यासकांनी २००६ साली अनेक प्रयोग एकत्र तपासले. खरं-खोटं ओळखताना माणसं १०० पैकी जेमतेम ५४ वेळा बरोबर ठरली. छापा-काट्याहून थोडंच बरं.

आमच्या गटात आता पैसे मागणाऱ्याचा चेहरा बघत नाही. कागद मागतो, आणि दोघीजणी वाचतो.