पाच तारखेचा हप्ता आणि खालची दाढ



दीक्षान्त समारंभाला आलेला पाहुणा सेवा आणि भरारी यांवर बोलतो. मी हप्त्यांवर बोलणार आहे. समोर गाऊन घालून बसलेल्या नव्या दंतवैद्यांपैकी बऱ्याच जणांच्या नावावर शैक्षणिक कर्ज आहे आणि मागच्या रांगांतले आईवडील त्याचे सहकर्जदार आहेत. कर्ज साडेसात लाखांच्या वर असेल तर बँकेत बहुधा राहतं घर नाहीतर जमीन तारण आहे. आजच्या फोटोंत ते कुठेच दिसणार नाही.

एक हिशेब करू. दरवर्षी अडीच लाख याप्रमाणे चार वर्षांत तुम्ही १० लाख उचलले, व्याज १० टक्के. शिकत असताना आणि इंटर्नशिपनंतर एक वर्ष हप्ता नाही. मीटर मात्र चालूच. सरळव्याजानेही तोवर साडेचार लाख साचतात आणि मुदलात मिसळतात. घरी सगळ्यांच्या तोंडी ‘१० लाखांचं कर्ज’ असतं, पण पहिला हप्ता साडेचौदा लाखांवर बसतो. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला १९ हजारांच्या थोडा वर. हे वर्ष सवलतीचं आहे असं समजून गप्प बसू नका. कन्सल्टिंगचे पैसे आले की निदान चालू व्याज तरी भरत जा.

आता क्लिनिकमध्ये या. महिन्याची २७ तारीख. खुर्चीत चाळिशीच्या बाई. खालची पहिली दाढ, कीड खोल. पण थंड पाण्याने आलेली कळ दोन-तीन सेकंदांत जाते, रात्री ठणका नाही, एक्स-रेत मुळांच्या टोकाशी काही नाही. नस जिवंत आहे, वाचण्यासारखी आहे. कीड काढा, औषधाचा थर द्या, फिलिंग करा, काही आठवड्यांनी पुन्हा बोलवा. हे तुम्हाला झोपेतही सांगता येईल. पण रूट कॅनॉल आणि वर कॅप केली तर याच दाढेतून कितीतरी पट पैसे येतात, आणि हप्ता पाच तारखेला आहे. बाईंना यातलं काही कळत नाही. तुम्ही म्हणाल ते त्या करतील.

तुमच्यातला कोणी ठरवून खोटं बोलेल असं मला वाटत नाही. एवढंच होतं की ‘थोडं थांबून पाहू’ ऐवजी ‘कशाला रिस्क घ्यायची’ हे वाक्य तोंडात आधी येतं. निदान तुम्ही करता आहात असं वाटतं आणि करत असतो हप्ता. म्हणून कर्जाचं नियोजन ही तुमची खाजगी बाब आहे असं मी मानत नाही. त्याचा संबंध त्या दाढेशी आहे.

हप्ता वाढतो कुठे? ऋण काढून सण करण्यात. गाळ्याचं डिपॉझिट, फॉल्स सीलिंग, उद्घाटनाचा फ्लेक्स, केटरर आणि कोरी करकरीत खुर्ची. मशीन विकणारा म्हणतो, ‘डॉक्टर, फक्त नऊ टक्के फ्लॅट.’ हा फ्लॅट दर नीट बघा. ५ लाख, ५ वर्षं: दरवर्षी ४५ हजार, म्हणजे सव्वादोन लाख व्याज, हप्ता १२ हजारांच्या थोडा वर. तुम्ही मुद्दल दर महिन्याला फेडत जाता, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ५ लाखांवरच मोजलेलं असतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर तोच दर पंधरा-सोळा टक्के पडतो. चांगल्या अवस्थेतली जुनी खुर्ची घ्या. पेशंट खुर्चीचं मॉडेल बघत नाही. पैसे घालायचेच तर ऑटोक्लेव्हमध्ये घाला.

त्याहूनही बरं म्हणजे पहिली काही वर्षं दुसऱ्याच्या खुर्चीवर काम करा, किंवा दोघांनी मिळून एक क्लिनिक सकाळ-संध्याकाळ वाटून घ्या. यात कमीपणा वाटत असेल तर डॉ. रफिउद्दीन अहमद यांचं उदाहरण घ्या. भारतातलं पहिलं डेंटल कॉलेज त्यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात काढलं आणि त्याचा खर्च भागवला तो ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाच्या दुकानाच्या उत्पन्नातून. दातांच्या कॉलेजला सोड्याचे पैसे! दुसऱ्या मिळकतीची लाज बाळगायचं आपल्याला तरी काही कारण नाही.

क्लिनिकचं खातं वेगळं ठेवा आणि त्यातून स्वतःला ठरावीक पगार घ्या. कॅपचे म्हणून पेशंटने दिलेले सगळे पैसे तुमचे नसतात. त्यात लॅबचं बिल असतं, ते आधी बाजूला काढा. क्रेडिट कार्डची थकबाकी पुढे ढकलू नका, तिथे महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. अगदीच अडलं तर त्यापेक्षा सोनं तारण ठेवलेलं स्वस्त पडतं. आई बांगड्या देईल तेव्हा घशात आवंढा येईल, पण हिशेब तोच बरोबर आहे. हॉस्पिटलने १० टक्के टीडीएस कापला म्हणून चिडण्यापेक्षा रिटर्न भरा. जास्तीचा कर परत मिळतो, आणि पुढे क्लिनिकसाठी बँकेत गेलात की मॅनेजर पहिल्यांदा मागच्या वर्षांचे रिटर्नच मागतो. रोखीत घेतलेलं आणि न दाखवलेलं उत्पन्न तिथे मोजलं जात नाही.

आणि तरीही एखाद्या महिन्यात हप्ता चुकेल. ९० दिवस थकलं की खातं एनपीए होतं, आणि त्याचा डाग सहकर्जदार म्हणून वडिलांच्या सिबिलवरही पडतो. बँकेचा फोन टाळू नका. पहिलाच हप्ता अडतोय असं दिसलं की मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा लेखी अर्ज घेऊन स्वतः शाखेत जा. तिसाव्या दिवशी भेटणारा मॅनेजर आणि पंचाण्णवाव्या दिवशी भेटणारा मॅनेजर, माणूस एकच असला तरी बोलणं वेगळं असतं. जाताना वडिलांना बरोबर न्या. सही त्यांचीही लागेल, आणि आकडा त्यांना बँकेकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळलेला बरा.