कबड्डीची बाद फेरी आणि खेळणाऱ्याचे श्रम



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून काहींनी मला विचारले की, कामगार संघटनेच्या माणसाचा कबड्डीशी संबंध काय? मी या खेळाचा पंच नाही की शिक्षक नाही. परंतु जेथे माणूस अंगमेहनत विकतो, जेथे त्या मेहनतीचा भाव ठरतो आणि अंग थकले की व्यवहार संपतो, तो विषय माझाच आहे असे मी समजतो. म्हणून प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामाची बाद फेरी आज मी आपल्यापुढे मांडणार आहे. त्या फेरीत महाराष्ट्राच्या नावाचा संघ विजयी झाला, त्यामुळे ऐकताना आपणांस आनंदही होईल.

प्रथम रचना समजून घेऊ. ही व्यावसायिक स्पर्धा २०१४ साली आठ संघांनिशी सुरू झाली. दहावा हंगाम २ डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाला, तेव्हा संघ बारा होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, म्हणजे एकेका संघाचे २२ सामने. जिंकल्यास ५ गुण, बरोबरीस ३, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरल्यास १, असा त्या हंगामाचा नियम होता. हा शेवटचा नियम मला फार आवडतो. हरणाऱ्यानेही शेवटच्या चढाईपर्यंत झुंज द्यावी, तिचे मोल होईल, असे तो सांगत असे.

पुणेरी पलटणने १७ सामने जिंकले, ३ बरोबरीत सोडवले, २ गमावले. हिशेब करून पाहा: ८५ अधिक ९ अधिक २, एकूण ९६ गुण. दोन्ही पराभवांतूनसुद्धा या संघाने एकेक गुण घरी आणला. जयपूर ९२ गुणांसह दुसरे आले. त्या हंगामात पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत गेले. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या संघांना आधी एक सामना जिंकावा लागणार होता.

येथून बाद फेरी सुरू होते. हैदराबादच्या गच्चीबावली येथे २६ फेब्रुवारी २०२४ रोजी पाटण्याने दिल्लीला ३७-३५ असे हरवले, तर हरियाणाने गुजरातला ४२-२५ असे लोळवले. २८ तारखेला पुण्याने पाटण्याचा ३७-२१ असा पराभव केला आणि हरियाणाने गतविजेत्या जयपूरला ३१-२७ ने घरी पाठवले. बावीस सामन्यांत तीनच हरलेल्या जयपूरचा हंगाम चाळीस मिनिटांत संपला. तीन महिन्यांची मजुरी एका दिवसाच्या तराजूत घालायची, असा हा कठोर नियम आहे. प्रेक्षकांना तो रोमांचक वाटतो. आत उभ्या असलेल्या गड्याला काय वाटत असेल, तेही मनात आणावे.

१ मार्च २०२४ रोजी अंतिम सामना झाला. आदल्या पर्वात, डिसेंबर २०२२ मध्ये, मुंबईतील अंतिम सामन्यात पुणे जयपूरकडून २९-३३ असे हरले होते, ते शल्य होतेच. दोन्ही संघ सावध खेळत होते. मध्यंतर जवळ आले असता पंकज मोहिते चढाईला गेला आणि एकाच चढाईत चार गुण घेऊन परतला. मध्यंतराला १३-१० अशी आघाडी मिळाली. उत्तरार्धाच्या आरंभीच पुण्याने लोण चढवला. हरियाणाने अंतर कमी करीत आणले, पण २८-२५ असा निकाल लागला. पुणेरी पलटणने प्रथमच विजेतेपद मिळवले. कर्णधार अस्लम इनामदार हा नगर जिल्ह्यातला. हंगामाचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. विजेत्यांना ३ कोटी रुपये मिळाले.

आता एक गंमत ध्यानात घ्या. हरियाणाकडून जीव तोडून चढाया करणारा शिवम पटारे हाही महाराष्ट्राचाच गडी, आणि पुण्याच्या बचावाचा आधारस्तंभ मोहम्मदरेझा शादलुई इराणचा. त्याला पुण्याने २ कोटी ३५ लाखांना घेतले होते. यात दोष देण्यासारखे काही नाही. चांगला कारागीर जेथे मोल मिळेल तेथे जातो. पण मग हा गावचा खेळ राहिला नाही, ही मजुरीची बाजारपेठ झाली, हे मोकळेपणाने मान्य करावे.

या बाजारपेठेने खेळाडूचे भले केले, हे मी आधीच कबूल करतो. २०१४ साली सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजारांची होती, राकेशकुमारवर. दहाव्या हंगामाच्या लिलावात पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली झाली. आमच्या कोणत्याही संघटनेने कोणत्याही कामगाराला दहा वर्षांत अशी वेतनवाढ मिळवून दिलेली नाही! परंतु त्याच लिलावात शेवटच्या वर्गाची मूळ किंमत ९ लाख होती, आणि संघाने एकूण किती खर्च करावा याची मर्यादा ५ कोटी ठरलेली होती. ठरवून दिलेल्या त्या थैलीतूनच सर्वांची वाटणी व्हायची. एकाचा भाव चढला की उरलेल्यांसाठी थैली हलकी होते. गोंदे-वाडीवऱ्ह्याच्या कारखान्यांत ठेकेदारीवर काम करणाऱ्या माझ्या मित्रांना हे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

पूर्वी व्यवस्था निराळी होती. गिरणगावातला किंवा खेड्यातला चांगला खेळाडू रेल्वेत, बँकेत, पोलिसात, एखाद्या कंपनीत नोकरीला लागे. पगार बेताचा असे, पण गुडघा गेला तरी हजेरीपट चालू राहत असे आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन येई. आजही काही खेळाडूंना अशा नोकऱ्या आहेत. ज्यांना नाहीत त्यांचा मात्र सारा प्रपंच हंगामावर आणि शरीरावर. शरीराचा भरवसा कोणी द्यावा? विजेतेपदानंतरच्याच हंगामात, २०२४ साली, अस्लम इनामदारचा गुडघा दुखावला आणि तो बाहेर बसला. पुणे बाद फेरीतही पोहोचले नाही. सुदैवाने २०२५ मध्ये तो कर्णधार म्हणून परत आला आणि पुण्याने पुन्हा अंतिम सामना गाठला. तेथे दिल्लीने ३१-२८ अशी मात केली. तो परतला, कारण तो नामवंत होता. ९ लाखांच्या वर्गातल्या पोराचा गुडघा गेला तर त्याची जागा राखून ठेवणार कोण?

या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या एका खेळाने शोधले आहे. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल खेळाडूंनी १९५४ साली बॉब कूझी या नामांकित खेळाडूच्या पुढाकाराने आपली संघटना काढली. मालक दहा वर्षे टोलवाटोलवी करीत राहिले. १४ जानेवारी १९६४ रोजी बोस्टन येथे निवडक खेळाडूंचा सामना दूरचित्रवाणीवरून देशभर दाखवला जायचा होता. निवृत्तिवेतनाचे वचन मिळेपर्यंत आम्ही मैदानात उतरणार नाही, असे म्हणून हे खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीतच बसून राहिले. त्यांत बिल रसेल, ऑस्कर रॉबर्टसन, जेरी वेस्ट असे त्या काळचे सर्वश्रेष्ठ खेळाडू होते. अखेर लीगचे प्रमुख वॉल्टर केनेडी यांनी खोलीत येऊन शब्द दिला, तेव्हा सामना सुरू झाला. पुढे २०२० साली त्याच लीगच्या बाद फेरीत, एका कृष्णवर्णीय माणसावर पोलिसांनी केलेल्या गोळीबाराच्या निषेधार्थ मिलवॉकीचा संघ २६ ऑगस्टला खेळायला उतरलाच नाही आणि तीन दिवस सारे सामने थांबले. सर्वांत महागड्या खेळाडूंनी मागे उभ्या असलेल्यांसाठी आपले वजन वापरले, हा त्या इतिहासाचा सार आहे.

आपल्या खेळाला हे परके वाटू नये. जगातल्या किती खेळांत बाद झालेला गडी त्याच डावात पुन्हा आत येतो? कबड्डीत येतो. चढाईपटूने एक गडी टिपला की बाहेर बसलेला आपला एक सोबती जिवंत होतो. बोनसचा गुण फलकावर चढतो, पण त्याने कोणी जिवंत होत नाही. कोट्यवधींच्या बोलीला मी हा बोनस गुण म्हणतो. तो जरूर घ्यावा. पण बाहेर बसलेल्याला आत आणणारा गुण वेगळा आहे आणि तो एकमेकांसाठी कमवावा लागतो.

म्हणून माझी विनंती फार मोठी नाही. आपल्या तालुक्यात मंडळे आहेत, तालमी आहेत. उद्या आपल्यापैकी एखाद्याचा मुलगा किंवा मुलगी व्यावसायिक संघात निवडली गेली, तर हार घालण्यापूर्वी त्यांच्याशेजारी बसून करारपत्र वाचणारा एक जाणता माणूस मंडळाने नेमावा. दुखापतीचा खर्च कोणाचा, खेळता आले नाही तर पैसे किती, पुढल्या वर्षी सोडून दिले तर काय, हे तीन प्रश्न त्याने विचारावेत. आणि जे खेळाडू नावारूपाला आले आहेत त्यांनी, आपली बोली शिखरावर असतानाच, शेवटच्या वर्गातल्या सोबत्यांना घेऊन एकत्र बसावे. उतरत्या वयात संघटना काढणाऱ्याचे कोणी ऐकत नाही, हा माझा कारखान्यातला अनुभव आहे.

पुणेरी पलटणच्या विजयाचा अभिमान आपण सर्वांनी बाळगावा. त्या २८ गुणांपैकी कितीतरी गुण असे होते की ज्यांनी बाहेर बसलेला एक गडी आत आणला. तेवढेच गटाबाहेरही घडावे, अशी माझी इच्छा आहे.