वैद्यकीय विद्यार्थ्याची दुसरी शिदोरी



मुलगा किंवा मुलगी वैद्यकीय महाविद्यालयांत गेली, कीं घरांत एकच प्रश्न विचारला जातो : गुण किती मिळाले? गुण हवेतच. परंतु पदव्युत्तर प्रवेश एखाद्या वर्षीं हुकला, अगर संशोधन, सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय लेखन यांकडे वळावेंसें वाटलें, तर हाच विद्यार्थी म्हणतो, "रोगनिदानाखेरीज मला येतें काय?" 

साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता यांत तो काय करतो, तें पाहा. घाबरलेल्या रोग्याची विस्कळित हकीगत तो धीरानें ऐकतो. तिचें सार काढून तें दोन मिनिटांत वरिष्ठांपुढें मांडतो. अनेक रुग्णालयांत पाळी बदलतांना सद्यःस्थिति, पूर्वेतिहास, स्वतःचा अंदाज आणि पुढील सूचना या चार अंगांनीं रोग्याची माहिती दुसऱ्याच्या हवालीं केली जाते. ही पद्धत मूळची अमेरिकेच्या नौदलांतील पाणबुड्यांवरची! एका व्यवसायाचें कौशल्य दुसऱ्या व्यवसायांत उपयोगीं पडतें, याला आणखी पुरावा कशाला? आपल्या देशांत २०१९ सालापासून वर्तन, नीति व संवाद यांचें शिक्षण अभ्यासक्रमांतच अंतर्भूत झालें आहे.

मात्र कौशल्य असणें निराळें आणि तें दाखवितां येणें निराळें. अर्जांत "उत्तम संवादकौशल्य, नेतृत्वगुण" असें लिहिल्यानें कोणाचीच खात्री पटत नाहीं. काम कोणतें होतें, मीं स्वतः काय केलें आणि त्यानें काय बदललें, हें तीन वाक्यांत सांगावें. "आरोग्य शिबिरांत भाग घेतला" हें वाक्य मुकें आहे. "नोंदणीच्या रांगेंत वृद्धांचा खोळंबा होई, मीं त्यांच्यासाठीं वेगळें टेबल मांडून दोन सहाध्यायी बसविले, दुपारपर्यंत रांग सरली," हें बोलकें आहे.

असे प्रसंग पुढें आठवत नाहींत. म्हणून दर रविवारीं चार ओळी वहींत टिपून ठेवाव्या. पथ्य एकच : रोग्याचें नांव, गांव, किंवा ओळख पटेल असा कोणताहि तपशील वहींत वा अर्जांत येऊं नये. गुप्तता राखणें हेंहि कौशल्यच आहे, आणि जाणता परीक्षक तेंहि पारखतो.

पालकांना एवढीच विनंति, कीं गुणपत्रिका पाहून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारीत जा : "या महिन्यांत तुझ्यामुळें कोणाचें कोणतें काम सोपें झालें?" या प्रश्नाचें उत्तर देण्याची संवय ज्याला लागली, त्याला अर्ज लिहितांना शब्द शोधावे लागणार नाहींत.