केळ, काच आणि कोळसा : चॅट्सवर्थची बाग



आत येताना फाटकाशी केळ्यांची हातगाडी उभी होती. व्याख्यान लांबलं तर पोटाला आधार हवा, म्हणून कुणी कुणी फणीच पिशवीत टाकलेली दिसते. असू द्या. तिचा आजच्या विषयाशी संबंध आहे.

विषय आहे इंग्लंडमधलं एक घर. डर्बीशर परगण्यात, डर्वेंट नदीकाठी चॅट्सवर्थ नावाचा वाडा आहे. घराणं डेव्हनशरच्या ड्यूकांचं. पदवी डेव्हनशरची आणि घर डर्बीशरात, हा तिकडचा सरदारी मामला; त्यात तर्क शोधू नये. मुळात ही जागा १५४९ मध्ये घेतली ती सर विल्यम कॅव्हेंडिश आणि त्यांची बायको बेस यांनी. या बाईंनी चार लग्नं केली आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा श्रीमंत झाल्या. चौथा नवरा स्कॉटलंडच्या कैदी राणी मेरीचा राखणदार होता, त्यामुळे ती बिचारी अधूनमधून याच घरात कोंडलेली असे.

पहिल्या ड्यूकनं १६८७ पासून जुना वाडा भिंतीमागून भिंत पाडत नवा उभारला. सोबत फ्रेंच वळणाची, फूटपट्टीनं आखल्यासारखी बाग आली आणि टेकडीवरून उतरणारा पाण्याचा जिना आला. त्याला २४ टप्पे. एकही दुसऱ्यासारखा नाही, म्हणून चालत गेलं की पाण्याचा आवाज पावलागणिक बदलतो. मग अठराव्या शतकाच्या मध्यावर फॅशन बदलली. आखीव बाग गावंढळ ठरली, निसर्ग हवा झाला. ‘केपेबिलिटी’ ब्राऊन या नामांकित बागरचनाकाराला बोलावून वाफे मोडले, हिरवळ पसरली, नदीच्या पात्रालाही वळण दिलं. निसर्ग वाटावा म्हणून केवढा तो खटाटोप!

आणि गाव? एडन्सर हे गाव वाड्यातून दिसायचं. खिडकीतून दुसऱ्यांच्या चुली दिसणं ड्यूकमंडळींना रुचेना. थोडं गाव आधीच हललं होतं. उरलेलं १८३८ नंतर टेकाडाआड नेलं. नवी घरं देखणी बांधून दिली, नाही असं नाही. जुन्या जागी एकच घर राहिलं, आजही आहे. म्हातारा मालक हटला नाही म्हणून ते राहिलं, असं लोक सांगतात. खरं असो नसो, धरणात गावं गेलेल्या आपल्या लोकांना ही गोष्ट समजावून सांगायला नको.

आता ज्याच्यासाठी मी हा विषय घेतला त्या माणसाकडे येतो. जोसेफ पॅक्स्टन. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, लंडनजवळ चिझिकला हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत कामाला. ती जमीन सहाव्या ड्यूकची. ड्यूक अविवाहित आणि कानानं थोडे अधू. हा पोरगा स्पष्ट बोलतो, एवढं त्यांना पुरलं. १८२६ साली, तेविसाव्या वर्षी, पॅक्स्टन चॅट्सवर्थचा मुख्य माळी झाला. नेमणूक करून ड्यूक रशियाला, झार निकोलसच्या राज्याभिषेकाला निघून गेले.

पॅक्स्टननं आपल्या पहिल्या दिवसाची हकीकत सांगून ठेवली आहे. पहाटे साडेचारला पोचला. कुणी उठलेलं नाही, म्हणून कुंपणावरून चढून आत शिरला. सगळी बाग फिरला, सहाला माणसं कामाला लावली, कारंजी सोडायला लावून पाहिली. मग वाड्याची व्यवस्था बघणाऱ्या बाईंकडे न्याहारीला गेला, तिथं त्यांच्या भाचीच्या प्रेमात पडला आणि तीही त्याच्या. सकाळचे नऊ वाजत होते. पुढच्या वर्षी लग्न. सारा पॅक्स्टन हिशेबाला पक्की. नवरा आणि ड्यूक देशोदेशी हिंडत तेव्हा चॅट्सवर्थच्या कामांवर नजर तिची असे.

पुढची तीसेक वर्षं एका माळ्याच्या डोक्यातून आणि एका ड्यूकच्या थैलीतून जे निघालं, त्याला तोड नाही. १८४४ मध्ये झार भेटीला येणार अशी वार्ता आली, म्हणून माळावर आठ एकरांचा तलाव खणला. रात्री मशाली लावून काम चालू. पंप नाही, इंजिन नाही. केवळ उतारानं पाणी खाली आणून कारंजं २९६ फूट उडवलं. झार इंग्लंडला आला, पण चॅट्सवर्थला फिरकलाच नाही. कारंज्याचं नाव मात्र एम्परर.

खरा चमत्कार होता तो काचघराचा. १८३६ ते १८४० या काळात पॅक्स्टननं लाकूड, लोखंड आणि काच यांचं ६७ फूट उंच घर उभारलं. मधून घोडागाडी जाईल एवढा रस्ता. १८४३ च्या डिसेंबरात राणी व्हिक्टोरिया त्यातून गाडीनं फिरली, तेव्हा आत १२,००० दिवे लावले होते. बाहेर हिमाची रात्र, आत केळी आणि ताडमाड! हे उष्ण हवामान यायचं कुठून? जमिनीखालच्या आठ बॉयलरमधून आणि सात मैल नळांतून. कोळसा बोगद्यातल्या रुळांवरून यायचा, धूरही भुयारानं दूर रानात नेऊन सोडला होता. डर्बीशरची हवा बदलायची होती. मात्र ती बदलणारी काळी माणसं, काळी म्हणजे कोळशानं काळी, पाहुण्यांच्या नजरेला पडायला नको होती.

काचघर म्हटलं म्हणजे त्यात भरायला झाडं हवीत. १८३५ मध्ये जॉन गिब्सन या तरुण माळ्याला ड्यूकनं हिंदुस्थानात धाडलं. मुख्य सावज होतं अ‍ॅम्हर्स्टिया, ब्रह्मदेशातून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आलेलं, लालभडक लोंबत्या फुलांचं झाड. आपण त्याला उर्वशी म्हणतो. गिब्सन खासी टेकड्यांत फिरून ऑर्किडं आणि ही उर्वशी घेऊन १८३७ मध्ये परतला. त्याचं नशीब चांगलं. पुढच्याच साली अमेरिकेला पाठवलेले वॉलेस आणि बँक्स हे दोघे तरुण माळी कोलंबिया नदीत बुडून मेले. चॅट्सवर्थच्या फुलांचा हिशेब मांडताना या दोघांना वगळता येत नाही.

उर्वशीनं चॅट्सवर्थला दाद दिली नाही. युरोपातलं तिचं पहिलं फूल १८४९ साली उमललं ते लंडनजवळच्या ईलिंग पार्कात, लॉरेन्सबाईंच्या काचघरात. त्याच वर्षी पॅक्स्टननं दुसरी पैज जिंकली. अ‍ॅमेझॉनच्या महाकाय कमळाला, व्हिक्टोरियाला, इंग्लंडात सर्वांआधी फुलवलं. त्याच्या पानावर सात वर्षांच्या मुलीला, अ‍ॅनीला, उभं केलं. पान बुडेना. पानाखालच्या शिरांची ती जाळी पॅक्स्टनच्या मनात राहिली आणि १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी त्यानं १,८४८ फूट लांबीचा क्रिस्टल पॅलेस उभा केला. माळ्याचा सर जोसेफ झाला.

आता तुमच्या पिशवीतली फणी काढा. मूळची चीनकडची एक बुटकी केळ मॉरिशसमार्गे इंग्लंडात आली होती. पॅक्स्टननं ती मिळवली. १८३५ च्या नोव्हेंबरात केळफूल आलं, पुढल्या उन्हाळ्यापर्यंत शंभरावर केळ्यांचा घड. ड्यूकच्या घराण्यावरून नाव पडलं कॅव्हेंडिश. जॉन विल्यम्स या मिशनऱ्यानं तिथले मुनवे पॅसिफिकमधल्या सामोआला नेले आणि ती बेटोबेटी पसरली. विसाव्या शतकात पनामा रोगानं ग्रो मिशेल ही बाजारातली मुख्य जात झोपवली, तेव्हा व्यापाऱ्यांनी कॅव्हेंडिशला हात घातला. आज परदेशी धाडली जाणारी बहुतेक सारी केळी याच गटातली. आपल्या रावेर-यावलची बसराई म्हणजे बुटकी कॅव्हेंडिशच, आणि आजचा ग्रँड नैनही त्याच कुळातला. जळगावची केळी चॅट्सवर्थहून आली असं मी म्हणत नाही. खानदेशच्या शेतकऱ्याला ड्यूकची गरज नव्हती. नाव मात्र डर्बीशरचं चिकटलं.

काचघराचं काय झालं? पहिल्या महायुद्धात कोळसा नाही, माणसं नाहीत. एका हिवाळ्याला झाडं गारठून मेली. १९२० मध्ये ते सुरुंगानं उडवलं. पहिल्या स्फोटांना इमारत दाद देईना. सुरुंग लावणारा होता चार्ल्स मार्कहॅम, पॅक्स्टनच्या मुलीचा मुलगा! १९५० मध्ये दहावे ड्यूक वारले. वारसाकर ८० टक्के. हजारो एकर जमीन विकली, बेसबाईंचा हार्डविकचा वाडा सरकारला दिला. हिशेब मिटायला दीड दशकाहून अधिक गेलं. आता वाडा एका न्यासाकडे आहे आणि लोक तिकीट काढून बागेत फिरतात. पडक्या काचघराच्या दगडी भिंती तशाच आहेत, आणि त्यांच्या मध्ये १९६२ मध्ये लावलेला यू झाडांचा भुलभुलैया.

उर्वशी मात्र तुम्हाला तिकडे शोधायला नको. भायखळ्याच्या राणीच्या बागेत ती आहे, उघड्यावर. तिच्यासाठी कुणी बॉयलर पेटवत नाही.