चषक येतो, खर्च राहतो

अकोल्यात असो की अमरावतीत, संध्याकाळी मैदानावर फुटबॉल खेळणाऱ्या पोट्ट्यांच्या मागं एखादं मंडळ असतं. मंडळाला एक धडपड्या सचिव असतो. चेंडू आणायचा, जाळी शिवायची, बाहेरगावच्या स्पर्धेसाठी गाडी ठरवायची, हे सगळं त्याच्याच डोक्यावर. त्याच्या मनात एक हिशेब पक्का असतो : एकदा मोठी स्पर्धा मारली की पैशाची ददात मिटली! पेपरात फोटो येईल, देणगीदार दारात येतील, लोक गर्दी करतील.

आज मला या हिशेबाबद्दल बोलायचं आहे. अकोला-अमरावतीचा क्लब राष्ट्रीय लीगमध्ये अजून उतरलेला नाही. पण जे उतरले आणि जिंकलेसुद्धा, त्यांचं पुढं काय झालं हे आपल्याला पाहता येतं.

पहिलं उदाहरण मुंबईचं. महिंद्रा युनायटेड या संघानं 2005-06 च्या हंगामात राष्ट्रीय लीग जिंकली आणि फेडरेशन चषकही आणला. एका क्लबला याहून जास्त काय हवं? पण 2010 साली हा संघ बंद झाला. तो काही डबघाईला आलेला नव्हता. खेळाडूंचे पगार कंपनी देत होती आणि कंपनीनं ठरवलं की फुटबॉलवरचा पैसा आता शाळकरी मुलांच्या स्पर्धांवर लावायचा. कंपनीच्या दृष्टीनं हा निर्णय वावगा नव्हता. पण त्यातून एक गोष्ट उघडी पडली. चषक जिंकल्यानं संघाचा मान वाढला होता, खर्च उचलणारा मात्र एकटाच राहिला होता. त्यानं हात काढून घेतला, संघ संपला.

पुण्यातही तेच. पुणे एफसी 2007 साली सुरू झाला, 2012-13 मध्ये देशात दुसरा आला आणि 2015 मध्ये त्यानं मैदान सोडलं. गोव्याचा धेंपो क्लब तर पाच वेळा देशाचा विजेता. 2016 साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही गोवेकर क्लबांनी आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं. इंडियन सुपर लीग या नव्या स्पर्धेला वरचं स्थान मिळणार, आपण खालच्या पायरीवर जाणार आणि मैदानावर जिंकून वर चढायची वाटच नसणार, मग एवढा पैसा ओतायचा कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. धेंपो आठ वर्षांनी परत आला, तोही खालच्या श्रेणीतून खेळत.

या घडामोडीत मिझोरामच्या ऐजॉल क्लबचं नशीब उघडलं. 2015-16 मध्ये तो आय-लीगमधून खाली घसरला होता. गोव्याचे क्लब गेल्यामुळं रिकाम्या झालेल्या जागेवर त्याला परत घेतलं. मुंबईच्या खालिद जमीलनं संघ हाती घेतला. त्यात आपल्या मुंबईचा जयेश राणेही होता. हातात पैसा जेमतेम, पण 30 एप्रिल 2017 रोजी हा संघ देशाचा विजेता झाला. घसरलेला संघ वर्षभरात अव्वल! सगळं मिझोराम रस्त्यावर आलं.

आणि मग? प्रशिक्षक ईस्ट बंगालला गेला. चांगले खेळाडू मोठ्या क्लबांनी उचलले. विजेत्या संघातल्या खेळाडूचा भाव वाढतो आणि तो वाढलेला भाव द्यायला त्याच्याच क्लबकडं पैसा नसतो. इंडियन सुपर लीगचं दार ऐजॉलला उघडलं नाही. मैदानावरच्या कामगिरीच्या जोरावर त्या लीगमध्ये बढती मिळालेला पहिला संघ पंजाबचा, आणि त्यासाठी 2023 साल उजाडावं लागलं.

आता यातलं अर्थकारण बघा. संघ जिंकू लागला की उत्पन्न वाढतं, हे खरंच आहे. तिकिटं विकली जातात, बक्षिसाची रक्कम मिळते, एखादा प्रायोजक जर्सीवर नाव टाकतो. पण हे सगळं त्या हंगामापुरतं. खर्च मात्र पुढच्या वर्षीही तसाच उभा राहतो. करार वाढवून मागितले जातात, प्रवास लांबचा होतो, चांगलं मैदान भाड्यानं घ्यावं लागतं. आपल्या कास्तकाराला हे सांगायला नको. एका साली कापूस चांगला पिकला, भावही मिळाला, तर त्या पैशात विहीर खणणारा वेगळा आणि त्याच भरवशावर सावकाराकडून आणखी उचल करणारा वेगळा.

अशी उचल विलायतेतल्या लीड्स युनायटेडनं केली. 2001 साली हा क्लब युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उपांत्य फेरीत होता. पुढच्या वर्षांत येणारी तिकिटांची कमाई तारण ठेवून त्यांनी कर्ज काढलं आणि खेळाडू विकत घेतले. संघ असाच जिंकत राहील हे त्या कर्जात गृहीत धरलेलं होतं. तो जिंकला नाही. खेळाडू विकावे लागले, 2004 मध्ये संघ खालच्या श्रेणीत गेला आणि 2007 मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईपर्यंत गोष्ट आली. हरल्यामुळं क्लब बुडतात असं आपण म्हणतो. लीड्सच्या बुडण्याची सुरुवात जिंकत असतानाच झाली होती.

पाठीराख्यांचंही असंच. जिंकल्यावर येते ती गर्दी. ती दोन सामने हरलं की घरी जाते. कोल्हापूरला मात्र वेगळं चित्र दिसतं. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल ही नावं मुळात पेठांची आणि तालमींची आहेत. शाहू स्टेडियमवर तिकीट काढून हजारो लोक बसतात, कारण खेळणारा संघ त्यांच्या गल्लीचा असतो. यंदा चषक आला नाही म्हणून कोणी पेठ बदलत नाही. तिथंही दोष आहेत. समर्थकांच्या हाणामाऱ्या होतात, बाहेरचे खेळाडू आणण्याची चढाओढ लागते, स्पर्धा पुढाऱ्यांच्या पाठबळावर चालतात. तरी राष्ट्रीय विजेता महिंद्रा युनायटेड आज नाही आणि कोल्हापूरच्या तालमी आहेत, याकडं दुर्लक्ष करता येत नाही.

आणि कोल्हापूरपर्यंत तरी कशाला जायचं? अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ घ्या. वैद्य बंधूंनी 1914 साली सुरू केलेला आखाडा. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या चमूनं तिथं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यात कबड्डीही होती. आखाड्यासाठी याहून मोठं यश कोणतं? पण मंडळ त्या एका प्रसंगाच्या पुण्याईवर बसून राहिलं नाही. त्यांनी शारीरिक शिक्षणाचे वर्ग चालवले, पुढं महाविद्यालय काढलं. तिथून शिकून गेलेला मास्तर ज्या गावी गेला तिथं मंडळाचा माणूस झाला. मिळालेल्या नावावर त्यांनी कायमचं काम उभं केलं आणि त्या कामानं मंडळाला शंभर वर्षं पार करून दिली.

म्हणून आपल्या त्या सचिवाला माझं एवढंच सांगणं आहे. जिंकायचा प्रयत्न जरूर करा. जिंकल्याशिवाय लोकांचं लक्ष जात नाही, हेही खरं. पण चषक आल्यावर पहिल्या महिन्यात काय करायचं ते आधी ठरवून ठेवा, कारण लोकांचा उत्साह तेवढाच टिकतो. एका मोठ्या देणगीदाराकडं जाण्याआधी गावातल्या चार-पाचशे घरांकडून वर्षाची लहानशी वर्गणी गोळा करा आणि त्यांना सभासद करून घ्या. बक्षिसाच्या पैशातून बाहेरचा महागडा खेळाडू आणू नका. त्यात चौदा वर्षांखालच्या मुलांचा संघ उभा करा. त्या मुलांचे आईबाप, काका, मामा सामन्याला येतील आणि हरलं तरी येतील. मैदानाचा करार लेखी ठेवा. आणि वर्षाच्या शेवटी जमाखर्च सभासदांपुढं वाचून दाखवा, कारण ज्याला आपल्या पन्नास रुपयांचा हिशेब मिळतो तो पुढच्या वर्षी शंभर देतो.

पुढच्या वर्षी संघ पहिल्याच फेरीत बाद झाला तर मंडळ चालेल का, हा प्रश्न जिंकलेल्या दिवशीच विचारायचा असतो. त्याचं उत्तर 'हो' असेल, तर त्या चषकानं क्लबचं खरंच भलं केलं असं समजा.